‘दोन मिनिटांचं तर काम आहे’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रॉक्समॉक्स म्हणजे एका सर्व्हरवर अनेक आभासी संगणक (व्हीएम) चालवणारी प्रणाली. तिच्या क्लस्टरमध्ये (एकत्र जोडलेल्या सर्व्हरांच्या गटात) नवा सर्व्हर घेण्याआधीच्या तयारीवर जो लेख लिहिला, त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. जॉइन (नवा सर्व्हर क्लस्टरला जोडणं) म्हणजे दोन मिनिटांचं कॉपी-पेस्ट, होस्ट्स फाइल (सर्व्हरचं नाव आणि पत्ता यांची नोंद) आणि घड्याळ तपासायला लावणं हा उगाच घोळ. मल्टिकास्टचा (एक निरोप एकदम अनेक सर्व्हरांना पाठवण्याच्या पद्धतीचा) उल्लेखच नाही. आणि जॉइन झाल्यावर नव्या सर्व्हरवरचं ‘लोकल-झेडएफएस’ हे स्टोरेज गायब झालं, त्यावर लेखात अवाक्षर नाही.

तिसरा आक्षेप पूर्ण मान्य, ती चूक माझीच. जॉइन करताना दोन सर्व्हरांची सेटिंग्ज एकमेकांत मिसळत नाहीत. नव्याच्या ‘/ईटीसी/पीव्हीई’ या सेटिंग्जच्या फोल्डरमध्ये जे असेल ते जातं आणि क्लस्टरचं तिथे येऊन बसतं. स्टोरेजची यादी त्यातलीच. तुमचे जुने सर्व्हर एलव्हीएमवर आहेत, नवा झेडएफएसवर (डिस्कची जागा सांभाळण्याच्या या दोन वेगळ्या पद्धती). म्हणून नव्यावर ‘लोकल-एलव्हीएम’ प्रश्नचिन्हासकट दिसतंय आणि खरं स्टोरेज यादीतच नाही. डिस्कवरचं काही गेलेलं नाही. शेलमध्ये ‘झेडएफएस लिस्ट’ चालवा, ‘आरपूल/डेटा’ जागेवर दिसेल. मग डेटासेंटरच्या स्टोरेज पानावर ‘लोकल-एलव्हीएम’ एडिट करून नोड्सच्या रकान्यात फक्त जुने सर्व्हर ठेवा. त्यानंतर अॅड, झेडएफएस, नाव ‘लोकल-झेडएफएस’, पूल ‘आरपूल/डेटा’, नोड्समध्ये फक्त नवा.

नव्यावर एकही व्हीएम किंवा कंटेनर नको, हा आग्रहही याचसाठी. असेल तर जॉइन स्वतःच नकार देतो. तरी काही जण ‘फोर्स’ हा पर्याय लावतात, आणि मग व्हीएमच्या कॉन्फिग फाइली जातात. डिस्क मात्र अनाथ होऊन पडून राहतात. (जुन्या डेटाबेसची एक प्रत ‘/व्हीएआर/लिब/पीव्हीई-क्लस्टर/बॅकअप’मध्ये पडते. तिच्यातून कॉन्फिग परत काढता येतात, पण त्या वाटेला जाऊच नये.) रीतसर मार्ग एकच: बॅकअप घ्या, व्हीएम काढा, जॉइन करा, वेगळ्या आयडीने रिस्टोअर करा.

आता होस्ट्स फाइल. इन्स्टॉल करताना दिलेला आयपी इन्स्टॉलर ‘/ईटीसी/होस्ट्स’मध्ये लिहितो. नंतर तुम्ही वेब पानावरून आयपी बदललात तर नेटवर्कची फाइल बदलते, होस्ट्स तशीच राहते. ‘होस्टनेम’ कमांड ‘आयपी-अॅड्रेस’ पर्यायासह चालवा. सर्व्हर १९२.१६८.१०.१३ वर असताना उत्तर १९२.१६८.१.५० आलं, तर लिंकचा पत्ता वेगळा दिला नसेल तेव्हा कोरोसिंक (सर्व्हरांमधला संवाद सांभाळणारा प्रोग्रॅम) तोच मेलेला पत्ता उचलेल. नावाचंही तसंच. जॉइन झाल्यावर नाव बदलणं म्हणजे डोकेदुखी, तेव्हा ‘पीव्हीई’ हे आयतं नाव आधीच बदलून घ्या.

घड्याळाचं कारण आणखी साधं आहे. लॉगिनच्या तिकिटावर वेळेचा शिक्का असतो. एक सर्व्हर काही मिनिटं पुढे असला तर त्याने दिलेलं तिकीट दुसरा नाकारतो आणि स्क्रीनवर ४०१ (लॉगिन नाकारल्याचा एरर) येतो. बोर्डवरचा सेल संपलेला जुना सर्व्हर असेल तर हे हमखास. घड्याळ जुळलंय का ते ‘क्रोनीसी ट्रॅकिंग’ कमांडने बघायला दहा सेकंद लागतात.

मल्टिकास्टचा सल्ला आता शिळा झालाय. २०१९ च्या प्रॉक्समॉक्स ६ पासून कोरोसिंक ३ आहे आणि ते युनिकास्टवर (प्रत्येक सर्व्हरला थेट वेगळा निरोप) चालतं. स्विचवर आयजीएमपी (मल्टिकास्टचं सेटिंग) शोधत बसण्यापेक्षा यूडीपीचे ५४०५ ते ५४१२ हे पोर्ट मोकळे आहेत का बघा. इथेच ते ‘दोन मिनिटं’ अडकतात. जॉइनची पहिली बोलणी टीसीपी ८००६ वरून होतात, त्यामुळे सुरुवात झकास होते. यूडीपी बंद असेल तर पुढे ‘वेटिंग फॉर क्वोरम’वर (क्वोरम म्हणजे निम्म्याहून जास्त सर्व्हरांची मतं) सगळं थांबतं. क्लस्टरमध्ये आधी एकच सर्व्हर असेल तर प्रकरण जुन्यावरही शेकतं. अपेक्षित मतं दोन झाली, हाताशी एकच. जुन्याचं ‘/ईटीसी/पीव्हीई’ रीड-ओन्ली होतं. चालू व्हीएम चालत राहतात, पण बंद केलेला पुन्हा सुरू होत नाही. तिथून सुटायला जुन्यावर ‘पीव्हीईसीएम एक्स्पेक्टेड १’ (एकच मत पुरे असं सांगणारी कमांड) चालवावं लागतं. तेही नवा खरंच बाहेर आहे याची खात्री करूनच.

कोरोसिंकला बँडविड्थ फारशी लागत नाही, पण लेटन्सी (निरोप पोचायला लागणारा वेळ) ५ मिलिसेकंदांच्या आत लागते. रात्रीचा बॅकअप आणि कोरोसिंक एकाच १ गिगाबिटच्या तारेवर ठेवले की बॅकअप तार भरून टाकतो आणि कोरोसिंकची पाकिटं रांगेत अडकतात. एचए (सर्व्हर पडला तर व्हीएम दुसरीकडे आपोआप सुरू करण्याची सोय) चालू असेल तर क्वोरम हरवलेला सर्व्हर स्वतःलाच रीसेट करतो. लोक मग रॅम बदलून बघतात! तेव्हा कोरोसिंकसाठी वेगळा नेटवर्क पोर्ट लिंक ०, नेहमीचा लिंक १. दोन्ही जॉइन करतानाच द्या.

उरलेलं पटकन: सगळ्या सर्व्हरांवर आवृत्ती एकच हवी. सबस्क्रिप्शन नसेल तर एंटरप्राइझ रेपो (अपडेट मिळण्याची सशुल्क जागा) बंद करून ‘नो-सबस्क्रिप्शन’ लावा, नाहीतर अपडेटच अडतात. ब्रिजचं (व्हीएमना नेटवर्कशी जोडणाऱ्या आभासी स्विचचं) नाव सगळीकडे तेच, ‘व्हीएमबीआर०’ तर ‘व्हीएमबीआर०’. इंटेलच्या जोडीला एएमडी घेत असाल तर व्हीएमचा सीपीयू प्रकार ‘होस्ट’ ठेवू नका.

जॉइन होताच वेब पान तुटल्यासारखं होतं. सर्टिफिकेट बदललेलं असतं. पान रीलोड करून पुन्हा लॉगिन करा. ‘पीव्हीईसीएम स्टेटस’मध्ये क्वोरेटसमोर ‘येस’ दिसलं की बिनमहत्त्वाचा एखादा छोटा, चालू असलेला व्हीएम नव्यावर नेऊन परत आणा. स्टोरेज एलव्हीएम विरुद्ध झेडएफएस असल्यामुळे माइग्रेट करताना टार्गेट स्टोरेज हाताने निवडावं लागेल. तिथे अडलात तर खालची एररची ओळ जशीच्या तशी इथे टाका.