अँजिओग्राफीआधी सगळ्या गोळ्या बंद करायच्या नसतात

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतंय, ‘अँजिओग्राफीच्या दोन दिवस आधी गोळ्या बंद, पाणीही बंद.’ साफ चूक. अँजिओग्राफी म्हणजे रक्तवाहिन्यांत डाय (एक्स-रेत दिसणारं औषध) सोडून केलेली तपासणी. उपाशी राहायचं ते साधारण ४ ते ६ तास. आमच्याकडच्या मे महिन्यात दोन दिवस बिनपाण्याचं राहून गेलात, तर डायचा त्रास किडनीलाच जास्त. ॲस्पिरिन मनानं थांबवू नका. बीपीची गोळी घोटभर पाण्यासोबत बहुतेकदा घेऊ देतात. मेटफॉर्मिन (शुगरची गोळी), इन्सुलिन, वॉरफरिन (रक्त पातळ करणारी गोळी) यांचं मात्र डॉक्टरच ठरवतात, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) वगैरे रिपोर्ट बघून. आणि ‘ती पांढरी, जेवणानंतरची’ एवढ्यावरून डॉक्टरला काय कळणार? गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकून न्या. आधी कधी डायनं अंगावर पित्त उठलं असेल तर तेही सांगा. रात्रीच्या एसटीनं नागपूरला निघणाऱ्यांनी शेवटचं जेवण कधी, हे फोनवर विचारूनच निघावं.