पोराला साक्षीदार करू नका

आज एका डोहाळजेवणाला गेले होते. जेवणं उरकल्यावर गप्पांत एक काकू केवढ्या अभिमानानं सांगत होत्या, "आमचा नातू आता भेटीला न्यायचं म्हटलं की स्वतःच रडायला लागतो. बापाचं तोंड बघायला तयार नाही. वकील म्हणाले, ताब्याची केस मजबूत झाली." आणि आजूबाजूच्या बायका माना डोलावत होत्या! घरी आले तरी डोकं शांत होत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

केस मजबूत झाली म्हणे. अहो, पहिलीतलं पोर आहे ते.

माझ्या धाकट्या भावाची केस चालू आहे हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. भाच्याचा ताबा आईकडे, भावाला ठरलेल्या शनिवारी कोर्टातल्या मुलांच्या खोलीत भेट. एकदा मीही सोबत गेले होते. भाचा आधी भिंतीकडे तोंड करून बसला. भावाने काही न बोलता रिमोटची गाडी जमिनीवर सोडली. थोड्या वेळाने बापलेक दोघंही पालथे पडून बाकाखाली अडकलेली ती गाडी काढत होते आणि पोरगं खिदळत होतं. निघायची वेळ झाली तशी त्याने गाडी शर्टाला पुसली आणि माझ्या हातात दिली. "आत्या, तुझ्याकडेच ठेव. घरी नेली तर आजी विचारेल, मी हसलो होतो का."

यावर मी काय बोलणार होते?

आणि हेच पोर समुपदेशक मॅडमसमोर काय म्हणालं? "बाबांनी आईचं स्त्रीधन परत दिलेलं नाही." त्याला अजून जोडाक्षरं नीट लिहिता येत नाहीत हो!

"आम्ही त्याला काहीच शिकवत नाही," असं सगळेच म्हणतात. शिकवावं लागतच नाही. भेटीहून परत आलं की आईचा चेहरा पडलेला, आजी बोलत नाही, मामा गाडीतच विचारतो, "काय काय विचारलं रे त्यांनी?" पोराला बरोबर कळतं. ज्या घरात रात्री झोपायचं, तिथल्या माणसांना दुखवून चालत नाही. मग ती रिमोटची गाडी आत्याकडे राहते.

1890 चा पालक आणि पाल्य कायदा सांगतो की मूल समजतं झालं असेल तर न्यायाधीश त्याचं मत विचारात घेऊ शकतात. चांगलंच आहे. पण ते मत तयार कुठे झालं, हे कोण बघणार? 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात हेच म्हटलं होतं. मुलगी लहानपणापासून बापाकडे वाढलेली, आईचा सहवासच मिळाला नाही, मग तिला बाप हवासा वाटतो याला किती वजन द्यायचं? तिथे ताबा आईला दिला. म्हणजे हे फक्त बायका करतात असं कुणी समजू नये. "तुझी आई तुला टाकून गेली," असं पोराला सांगून झोपवणारे बाप आणि त्यांच्या आया मी पाहिल्यात. आमच्या घरचं सांगते. माझी सख्खी आई फोनवर नातवाला विचारते, "आई पोटभर जेवायला घालते ना रे?" मी फोन हिसकावून घेतला त्या दिवशी.

आता कुणीतरी म्हणेलच, काही बाप खरोखर मारकुटे असतात, पोर खरोखर घाबरलेलं असतं. असतात. 2024 मध्ये त्याच न्यायालयाने बजावलंय की मूल दूर गेलं म्हणजे कुणी भडकवलंच, असा शिक्का घाईने मारू नका. मान्य. पण मी त्या घरांबद्दल बोलतच नाहीये.

खरं सांगू, भावजयीचा मला पूर्वी जितका राग यायचा तितका आता येत नाही. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा साधारणपणे आईकडे असतो. भाच्याला पाच पूर्ण झाली आणि कुणीतरी तिच्या कानात घातलं, "आता ते मागणार बघ." माहेरच्या एका खोलीत राहून, रजा टाकून तारखा करणारी बाई ती. तिच्याकडे हक्काचं म्हणावं असं तेवढं एक पोरगंच. तिला घट्ट धरून ठेवावंसं वाटणारच. मी तिच्या जागी असते तर? जाऊ दे.

पण आजी, मामा, काकू, आत्या, तुमचं काय जातंय? तुम्हाला कसली भीती? तुम्ही फुकटची मजा घेताय. विधी आयोगाने 2015 मध्ये अहवाल दिला, दोघांकडे मिळून ताबा देण्याचाही विचार व्हावा म्हणून. कायदा व्हायचा तेव्हा होईल. तुम्हाला गप्प बसायला कुठला कायदा लागतोय?

परवा रविवारी भावाचा व्हिडिओ कॉल आहे. दर वेळी फोन स्पीकरवर असतो, पोरगं उत्तर देण्याआधी स्क्रीनच्या बाजूला बघतं, आणि तिकडून कुणीतरी खाकरतं. आमच्या दोन्हीकडची माणसं ही पोस्ट वाचणार, मला माहीत आहे. वाचा. आणि रविवारी तेवढा वेळ खोलीबाहेर जाऊन बसा. माझ्या आईसकट.