लूप लावला म्हणजे खरखर गेली?

नाशिकच्या हॅम (हौशी रेडिओवाल्या) मंडळींत सध्या एक निरोप फिरतोय: ‘सिडकोत, इंदिरानगरात राहता आणि ७ मेगाहर्ट्झवर खरखरीशिवाय काही ऐकू येत नाही? रिसीव्हिंग लूप (फक्त ऐकण्यासाठीचा, कड्यासारखा अँटेना) लावा. तो लहरीचा फक्त चुंबकीय भाग घेतो, खरखर विद्युत असते, त्यामुळे ती आत शिरतच नाही. शिल्डेड (तारेवर धातूचं आवरण असलेला) असेल तर सोन्याहून पिवळं. तोंड तेवढं स्टेशनकडे करा.’

लूप लावण्याचा सल्ला बरोबर, कारणं मात्र जवळजवळ सगळी चूक. आणि कारण चुकलं की लूप चार दिवसांत माळ्यावर जातो.

‘फक्त चुंबकीय’ हे आधी घेऊ. लांबून आलेल्या लहरीत विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रं जोडीनेच येतात, त्यांचं प्रमाण ३७७ ओहम असं ठरलेलं. अंबड एमआयडीसीतून येणारी खरखरही तशीच लहर, लूपला ती वेगळी ओळखता येत नाही. फरक पडतो तो अगदी जवळ, तरंगलांबीच्या साधारण एक-षष्ठांशाच्या आत. ४० मीटर बँडवर (हेच ७ मेगाहर्ट्झ) म्हणजे सहा-साडेसहा मीटर. तिथेही चार्जर किंवा एलईडी ड्रायव्हरच्या करंटचं चुंबकीय क्षेत्र लूपला थेट भिडू शकतं.

शिल्डचं थोडक्यात. ते सलग बंद असतं तर लूप बहिराच झाला असता, म्हणून तर त्यात फट ठेवतात. खरं काम शिल्डची बाहेरची बाजूच करते. फायदा मिळतो तो समतोलाचा, म्हणजे लूपच्या दोन्ही बाजू सारख्या असण्याचा, आणि तो बिनशिल्डच्या लूपलाही साधता येतो. फ्लॅटमध्ये बऱ्याचदा खरा चोर कोॲक्स (अँटेनापासून रेडिओपर्यंतची केबल) असतो: घरच्या वायरिंगची खरखर त्याच्या बाहेरच्या जाळीवरून चालत येते. फेराइट (लोहयुक्त चुंबकीय पदार्थ) रिंगवर कोॲक्सचे वेढे घ्या, मग लूपला नावं ठेवा.

आता तोंड. कड्यातून आरपार पाहिलं की जी दिशा दिसते, तिथेच छोटा लूप बहिरा असतो. तो ऐकतो कडेच्या दिशेने. त्यातही ऐकण्याची बाजू ऐसपैस. ३० अंश चुकलात तरी जेमतेम सव्वा डेसिबल जातो. बहिरी रेघ मात्र बारीक. म्हणून लूप फिरवायचा तो खरखरीच्या हिशोबाने, स्टेशनच्या नाही. पटत नसेल तर भर दुपारी ट्रान्झिस्टरवर पुणे केंद्र लावा, ७९२ किलोहर्ट्झ. आतली फेराइट कांडी याच जातीची, तिची लांबी म्हणजे कड्यातली आरपार दिशा. पुणे नाशिकच्या जवळपास थेट दक्षिणेला. कांडी दक्षिणोत्तर झाली की आवाज बसतो, किंचित हलवली की परत येतो.

७ मेगाहर्ट्झवर दिवसा पुण्या-मुंबईचे सिग्नल वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून बऱ्यापैकी डोक्यावरून येतात. उभा लूप कसाही फिरवा, माथा त्याच्या कडेच्या, म्हणजे ऐकण्याच्या दिशेतच राहतो. त्यामुळे शेजारच्या इमारतीची खरखर दाबताना सिग्नल फारसा जात नाही. खरखर चहूबाजूंनी असेल तर मात्र एकच रेघ दाबता येते. सगळ्यात त्रासदायक कोण ते बघून निवडा.

एस-मीटर (सिग्नलची ताकद दाखवणारा काटा) पडला म्हणून बिचकू नका, खरखर त्याहून जास्त पडली की झालं. आणि तोच लूप ट्रान्समीटरला जोडू नका, त्यात ॲम्प्लिफायर असेल तर तो जळेल.