फेर्डनची कत्तल आणि आमचा वाद

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर धर्मांतराचा विषय निघाला की दोनच पक्ष उरतात. एक म्हणतो, मध्ययुगात धर्म पसरला तो निव्वळ तलवारीच्या धाकाने. दुसरा म्हणतो, जबरदस्ती झालीच नाही, सगळा अपप्रचार. उत्तर जर्मनीत राहून मला दोन्ही पटत नाहीत.

इथे आलर नदीकाठी फेर्डन नावाचं गाव आहे. फ्रँकांचा ख्रिस्ती राजा शार्लमेन याने 782 मध्ये तिथे एका दिवसात 4500 सॅक्सनांना, म्हणजे इथल्या तेव्हा ख्रिस्ती नसलेल्या लोकांना, ठार केलं, असं त्याच्याच दरबारची बखर सांगते. आकड्यावर इतिहासकारांचे वाद आहेत. त्याच सुमाराचा सॅक्सनांसाठीचा कायदा मात्र आजही वाचता येतो. बाप्तिस्मा टाळायला लपलात, तर देहदंड. चर्चचा उपास धुडकावून मांस खाल्लंत, तर देहदंड. जुन्या रीतीने प्रेताला अग्नी दिलात, तरी देहदंड. हे शेवटचं कलम वाचताना माझ्या पोटात कालवलं.

म्हणजे तलवार होती. पण तिने श्रद्धा रुजली का? शार्लमेनचा सल्लागार अल्क्विन यानेच 796 मध्ये पत्रांतून बजावलं की माणसाला बाप्तिस्मा घ्यायला लावता येईल, विश्वास ठेवायला नाही. चर्चच्या दशमांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा) वसुलीने तर सॅक्सन आणखी बिथरले. 797 मध्ये कायदा सौम्य झाला. पुढचं काम मठांनी आणि सोयरिकींनी केलं, तेही पिढ्यान्‌पिढ्या. मग 1147 मध्ये सॅक्सन सरदारच क्रूस घेऊन एल्बे नदीपलीकडच्या, ख्रिस्ती न झालेल्या स्लाव लोकांवर चालून गेले! मला या सगळ्या इतिहासात हेच सर्वांत जास्त छळतं.

आणि 1935 मध्ये हिटलरचा साथीदार हिमलर याच्या पुढाकाराने फेर्डनला 4500 शिळा उभ्या राहिल्या. मेलेल्या सॅक्सनांबद्दलचा कळवळा नव्हता तो. जुनी जखम नाझींच्या द्वेषाला हवी होती. आपल्याकडे इतिहासाच्या नावाने गळा काढणारे बघितले की मला म्हणून धास्ती वाटते.

मामा विचारतात, मग गप्प बसायचं? मुळीच नाही. गोव्यात 1560 मध्ये मंगेशाला कुशस्थळीहून प्रियोळला हलवावं लागलं, ते पोर्तुगीज सत्तेमुळे, हे मुलांना सालासकट शिकवा. पण म्हापशात मिलाग्रीस सायबिणीच्या (मेरीमातेच्या) फेस्ताला आजही हिंदू तेल घेऊन जातात. तिथल्या कॅथलिक शेजाऱ्याला 1560 चा जाब विचारायचा आपल्याला काहीएक अधिकार नाही.