तेरा पाहुणे आणि आई

शुक्रवारी रात्री मित्राचा मेसेज आला, 'उद्या जमत नाही रे, सॉरी.' माझ्या हातात शनिवारच्या 'द हॉबिट'ची दोन तिकिटं. थ्रीडी, मधल्या रांगेतली. डिसेंबर 2012 मध्ये माझ्यासारखा माणूस या सिनेमाकडे नऊ वर्षं डोळे लावून बसलेला होता. दुसरं तिकीट फुकट जाणार म्हणून मी घरभर हळहळत फिरलो, ते आईने ऐकलं. "मी येते. उद्या भजन नाहीये," ती म्हणाली आणि साडीला इस्त्री करायला लागली.

रिक्षात मी तिची तयारी करून घेतली. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तीन सिनेमे 2001 ते 2003 मध्ये येऊन गेले. त्या कथेच्या साठ वर्षं आधी काय घडलं ते यात आहे. म्हणजे सिनेमा नंतरचा, गोष्ट आधीची.

"म्हणजे नवरदेवाचं बारसं," आई म्हणाली.

मी गप्प बसलो. व्याख्या चूक होती असंही म्हणता येईना.

राष्ट्रगीताला उभं राहताना तिची पर्स, माझं पॉपकॉर्न आणि दोन थ्रीडी चष्मे असा ऐवज सांभाळला. बसल्यावर खरी पंचाईत. आईचा बायफोकल आधीच नाकावर, त्यावर हा काळा चष्मा. तो घसरायला लागला की ती मान वर करायची, मान वर केली की खालच्या भिंगातून दिसायचं. शेवटी तिने पदराचं टोक नाकाच्या शेंड्यावर, चष्म्याखाली खोचलं. अंधार होता म्हणून बरं.

सिनेमा नेहमीच्या 24 ऐवजी सेकंदाला 48 चित्रं या वेगाने काढलेला, आणि आमच्या पडद्यावर तसाच लावलेला. मी हे तिला कौतुकाने सांगितलं. तिने दोन मिनिटं पाहिलं. "तरीच आपल्या सात वाजताच्या मालिकेसारखं दिसतंय. सगळ्यांच्या दाढ्या चिकटवल्यासारख्या." परदेशातल्या समीक्षकांनी याच मुद्द्यावर रकाने भरले होते. हिने ते समोसा खाता खाता उरकलं.

मग सिनेमाचा नायक बिल्बो जेवायला बसला. एकटा जीव, छोटं टुमदार घर, ताटलीत तळलेला मासा. त्याने वरून लिंबू पिळलं. आई सावरून बसली. आमच्या घरात माशावर लिंबू पिळणारा माणूस सज्जन समजला जातो. तेवढ्यात घंटा वाजते, दारात एक दांडगा बुटका. ओळख ना पाळख, तो आत शिरतो आणि बिल्बोचा मासा मुंडक्यासकट खाऊन टाकतो.

"मेल्याने डोकं पण ठेवलं नाही!" आई एवढ्या जोरात म्हणाली की पुढच्या रांगेतली मान वळली.

एक आला, दुसरा आला, मग घोळक्याने आले. बुटके तेरा आणि त्यांना धाडणारा तो म्हातारा जादूगार वेगळाच. घरधन्याला विचारलेलं नाही. कोठार रिकामं होतंय, चीजचे अख्खे गोल उचलून नेतायत, एक जण लांबून उकडलेलं अंडं फेकतोय, दुसरा ते तोंडात झेलतोय. मी हसत होतो, हॉल हसत होता. आई हसत नव्हती. एकोणीसशे ब्याऐंशीच्या मे महिन्यात वडिलांच्या ऑफिसातले नऊ जण असेच आले होते, तो मे महिना तिच्या चेहऱ्यावर चाललेला. पुढे बुटक्यांनी गाणं म्हणत, ताटल्या एकमेकांकडे भिरकावत सगळी भांडी लख्ख घासून रचून ठेवली, तेव्हा कुठे तिने श्वास सोडला.

"बघ. फेकली पण फोडली नाहीत. आणि घासली. ते नऊ जण हात धुवून पान खायला गेले होते."

यानंतर मला सिनेमा कमी आणि आई जास्त ऐकू यायला लागली. अझोग नावाचा पांढरा ऑर्क, म्हणजे राक्षसच, आला. मी कुरकुरलो, की मूळ पुस्तकाच्या हिशेबाने हा केव्हाच मेलेला आहे, याला उगाच जिवंत ठेवलाय. "मालिकेत असंच करतात," आई म्हणाली. "भाग वाढवायचे असले की मेलेला परत येतो." 1937 सालच्या एका पोरांच्या पुस्तकातून तीन सिनेमे काढायचे घाटत होते, हे मी तिला अजून सांगितलेलं नव्हतं.

बिल्बो अंधाऱ्या गुहेत पडला, समोर गॉलम नावाचा विचित्र प्राणी, कोडी सुटली नाहीत तर हा त्याला खाणार. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. त्यातलं एक कोडं तिच्या कानात मराठीत सांगितलं, की लाल टेकडीवर तीस पांढरे घोडे...

"दात," आई म्हणाली. "आणि तू एवढा घामाघूम कशाला झालायस? सुरुवातीला हाच म्हातारा होऊन लिहीत बसलेला दाखवला ना? मग तो मरेल कसा? समोसा घे."

नऊ वर्षं मी या कथेचा जाणकार म्हणून मिरवत होतो. हा साधा हिशेब माझ्या डोक्यात आला नव्हता. पुढच्या लढाया, कडे, गरुड, सगळं मी पाहिलं, पण समोसा खात पाहिलं. बिल्बोने शेवटी 'माझ्या खिशात काय आहे?' असं विचारून गॉलमला हरवलं, त्यावर मात्र आईचं मत कडक होतं. "हे कोडं नाही. ही लबाडी. आमच्या शाळेत याला बाद केला असता."

2 तास 49 मिनिटांनी, वर मध्यंतर, सोन्याच्या ढिगातून ड्रॅगनचा एक डोळा उघडला आणि पडदा काळा झाला.

"लाईट गेले?"

"संपला, आई. बाकीचं पुढच्या डिसेंबरात. आणि मग त्याच्या पुढच्या."

ती जिन्यावरून उतरेपर्यंत बोलली नाही. गुडघेही धरले होते म्हणा.

पुढच्या रविवारी, साडेबाराच्या सुमारास, तिकीट बुडवणारा तो मित्र न कळवता घरी आला. बरोबर आणखी चौघे. मी आतून ओरडलो, आई, पाच जण आहेत गं! ती दारात गेली. कमरेवर हात, डोळ्यांनी एकेक मोजला. ताटात त्या दिवशी सुरमई होती.

"या," ती म्हणाली. "लिंबू कापते. भांडी कुठे घासायची ते हा दाखवेल."