टाकी बांधा, पण स्वयंपाकाच्या मापाची

आमच्या कागलकडच्या भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सध्या गोबरगॅसवरून जुंपली आहे. एक चुलत भाऊ म्हणतो परसात टाकी बांधू. दुसऱ्याला सीबीजी, म्हणजे दाबून भरलेला बायोगॅस बनवणाऱ्या प्रकल्पासाठी नेपियर गवत लावायचंय. मी जर्मनीत, नीडरझाक्सनमध्ये राहतो, म्हणून दोघंही मलाच विचारतात, "तिकडं कसं काय?"

इकडं आधी चुकून मग शहाणपण आलं. २००० च्या अक्षय ऊर्जेच्या कायद्यानं बायोगॅसच्या विजेला वीस वर्षं ठरलेला दर मिळाला. २००४ मध्ये खास पिकं पिकवून टाकीत घालणाऱ्याला वर बोनस. मग काय, जिकडं बघावं तिकडं मका! कुरणं नांगरली गेली, जमिनीचा खंड वाढला, दूधवाल्या शेतकऱ्याला रान मिळेना. शेवटी २०१२ मध्ये नव्या प्लांटसाठी मका आणि धान्याचा वाटा वजनाच्या ६० टक्क्यांवर रोखला. किमान ८० टक्के शेणमूत वापरणाऱ्या, ७५ किलोवॉटपर्यंतच्या प्लांटला मात्र वेगळा चांगला दर दिला. नेपियरवाल्याला मी एवढंच विचारलं: गवताला पाणी कुणाच्या वाट्याचं देणार, उसाच्या की जोंधळ्याच्या? अजून उत्तर नाही.

पण टाकीवाल्यालाही मी डोळे झाकून "बांध" म्हटलेलं नाही. इथं गायींचं पातळ शेणमूत महिनोन्महिने हौदात साठतं, कारण थंडीत ते शेतात टाकायला बंदी असते. हौदात आत हवा नाही, त्यामुळे मिथेन, म्हणजे गोबरगॅसमधला जळणारा वायू, आपसूक तयार होतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट पृथ्वी तापवतो. तोच प्लांटमध्ये धरून जाळला की सरळ फायदा.

आपल्याकडं शेण उकिरड्यावर पडतं, नाहीतर शेणी थापतात. तिथं हवा लागते, म्हणून मिथेन त्या मानानं फारच थोडा. म्हणजे टाकी बांधून आपण एरवी झालाच नसता असा मिथेन मुद्दाम तयार करतो. तो सगळा शेगडीत जळला तर उत्तमच: सरपण वाचतं, बायकांच्या डोळ्यांतला धूर जातो, टाकीतून निघालेली स्लरी रानाला खत म्हणून मिळते. गळला, तर तेवढ्यापुरता उकिरडाच बरा होता असं म्हणायची पाळी येते. हे गोबरगॅसच्या प्रचारात कुणी सांगत नाही.

आणि गळतोच. काकूंची टाकी तरंगत्या ड्रमची, खादी ग्रामोद्योगवाल्या जुन्या पद्धतीची; शेणावर पालथ्या ड्रमखाली गॅस साठतो तसा ड्रम वर उचलतो. उन्हाळ्यात ड्रम पुरता वर येतो आणि कडेच्या शेणातून बुडबुडे फुटत राहतात. गॅस सगळ्यात जास्त तयार होतो तेव्हाच घर लग्नसराईत बाहेर, शेगडी बंद. जर्मन प्लांटला जादा गॅस जाळायची वेगळी सोय ठेवावी लागते. परसातल्या टाकीला ती कोण बसवणार?

म्हणून टाकीचं माप गोठ्यावरून नको, स्वयंपाकावरून ठरवावं. दोन घनमीटरच्या टाकीला रोज साधारण ५० किलो शेण लागतं आणि चार-पाच माणसांचा स्वयंपाक होतो. गोठ्यात दहा जनावरं असली तरी घरात चार माणसं असतील तर तेवढीच पुरे. उरलेल्या शेणाचं खत करावं.

भाऊ म्हणतो, "अरे, पण मोठ्या टाकीला अनुदान जास्त आहे." ते खरंय, आणि तिथंच मला ही सरकारी अनुदानाची योजना पटत नाही. मापामागे वाढणारा तो पैसा मी गंजलेले ड्रम बदलायला आणि गावोगाव फिरून पाइप-कॉक तपासणाऱ्या माणसाच्या पगाराला दिला असता.