‘सांगलीत बसून’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘अभ्यासू वाचक’ या नावाने लिहिणाऱ्या तुम्हाला,

बाळांची नजर टिपणारं आय ट्रॅकर यंत्र वापरायला मी कशी शिकले, त्यावरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : ६० हर्ट्झचा हिशेब चुकलाय, सात मुलांवरून काही सिद्ध होत नाही, बघणं म्हणजे समजणं नव्हे, आणि ‘सांगलीत बसून अंगणवाडीच्या खोलीत असले प्रयोग होत नसतात, आधी चांगल्या लॅबमध्ये शिकून या.’

हिशेबाचं मान्य. ६० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला ६० नोंदी, साधारण १६.७ मिलिसेकंदांना एक. मी ‘दर ६० मिलिसेकंदांना’ लिहिलं. चूक माझीच.

पण ते शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. ‘असले’ म्हणजे कसले हो? मुद्दा मांडायला तो शब्द लागत नव्हता, हिणवायला लागत होता.

माझी आई मिरजेजवळ अंगणवाडी सेविका होती. शाळा सुटली की मी तिथेच. नऊ महिन्यांचं पोर अनोळखी माणसाकडे आधी टक लावतं, मग आईकडे वळून बघतं आणि मग भोकाड पसरतं, हे मी ‘विकासाचे टप्पे’ वगैरे शब्द कानावर पडायच्या आधी पाहिलंय. आणि लॅबचं म्हणाल तर पुण्यात दोन आठवडे शिकूनच आले. लेखात ते दुसऱ्याच परिच्छेदात आहे, वाचलं असतंत तर दिसलं असतं. तिथे खिडक्यांना जाड पडदे, बाळ आईच्या मांडीवर, स्क्रीन साठेक सेंटिमीटरवर. पाच जागी खुळखुळा वाजवणारं चित्र दाखवलं की कॅलिब्रेशन, म्हणजे त्या बाळाच्या डोळ्यांशी यंत्राची जुळणी, झालं.

इथे पहिल्याच दिवशी एका मुलीची निम्मी नोंद गायब. यंत्र इन्फ्रारेड प्रकाश टाकतं आणि डोळ्यातली बाहुली व कॉर्नियावर (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर) चमकणारा ठिपका यांच्यातल्या अंतरावरून नजर ठरवतं. मी खिडकीला चादर लावली, खुर्ची सरकवली, पुन्हा तेच. मग लक्षात आलं, काजळ! पापणीच्या कडेची ती काळीभोर रेघच यंत्र बाहुली समजत होतं. आजी म्हणाल्या, “पुसायचं न्हाई. दृष्ट लागंल की पोरीला.” शेवटी तीट तळपायाला लावायची, या अटीवर त्यांनीच खोबरेल लावलेल्या कापसाने डोळे पुसून दिले. तळपाय काही यंत्राला दिसत नाही. आता पालकांना द्यायच्या चिठ्ठीत माझी पहिली ओळ ‘काजळ घालू नये’ अशी असते. सांगा, ही ओळ तुमच्या चांगल्या लॅबने कुणाला शिकवली? कमी बोलायचं ठरवलं होतं, पण राहवलं नाही.

सात मुलांचं म्हणाल तर ‘निष्कर्ष’ हा शब्द लेखात शोधून दाखवा. बघणं आणि समजणं हा वाद तर मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट फँट्झने १९५८ साली बाळं कुठल्या आकृतीकडे जास्त वेळ बघतात हे मोजलं तेव्हापासूनचा आहे. तो मी इथे उगाळत बसत नाही.

१६.७ची दुरुस्ती लेखात केली आहे. चूक दाखवणाऱ्याचं नाव खाली देण्याची माझी पद्धत आहे. तुम्ही ते लिहिलेलंच नाही.